दमल्या पायांचं घर

आमच्या घरात कोण कुठून आलं हे पायांवरून कळायचं. आजोबांच्या पायांना पाटाच्या पाण्यातला चिखल, घोट्याच्या वर बरोबर एका रेघेत थांबलेला. आईच्या आणि मोठ्या काकीच्या टाचांवर नालासोपाऱ्याच्या रस्त्याची धूळ. भाऊकाका रेल्वेत, त्यामुळे त्यांच्या पायांत बूट; ते काढले की पोटऱ्यांवर मोज्यांचे वळ दिसायचे. आजीचा भाऊ उमेळ्याच्या मिठागरावर राबायचा. तो सणावारी यायचा तेव्हा त्याचे तळवे पांढरट आणि ताठ असत, आणि टाचेच्या भेगांत मिठाचे कण असत. लहान मुलांची नजर जमिनीला जवळ असते. मोठ्यांचे चेहरे आम्ही नंतर ओळखायला शिकलो, पाय आधी.

मागच्या दिवाळीत आम्ही चुलत, आते, मामे अशी सगळी भावंडं बऱ्याच वर्षांनी एका ओटीवर बसलो. आता आम्हीच साठीच्या आसपास. कोणाच्या टाचेचं हाड वाढलंय, कोणाच्या पोटरीतल्या शिरा फुगल्यात, कोणाला डॉक्टरांनी जाड तळाच्या चपला घालायला सांगितल्यात. बोलणं त्यावरूनच सुरू झालं आणि एकेकाच्या तोंडून घर निघत गेलं. जे एकाला आठवलं ते दुसऱ्याला आठवत नव्हतं, पण काशाची वाटी सगळ्यांना आठवत होती.

घर निर्मळच्या बाजूला. मागे वाडी, वाडीच्या कडेला बावखल. वसईच्या पश्चिम पट्ट्यात हे बावखल म्हणजे वाडीचा जीव. पावसाचं पाणी त्यात साठायचं, जमिनीत मुरायचं आणि विहिरींना पुरायचं. रहाटाला बैल असत, मग तेलाचं इंजिन आलं, मग विजेचा पंप. केळी, पानवेल, मोगरा, तगर, वांगी, माठ, मुळा. पाणी कसंही वर चढवलं तरी ते आळ्या-आळ्यांतून फिरवायचं काम माणसाचंच. आजोबा कुदळीने पाट फोडायचे आणि टाचेने चिखल दाबून बांधायचे. दिवसभर पाय ओल्यात.

बायकांचं चालणं निराळं. आदल्या संध्याकाळी भाजीच्या जुड्या बांधून, टोपल्यांवर ओलं फडकं टाकून ठेवायच्या. पहाटे तीनच्या सुमाराला उठायचं, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर टोपली, आणि अंधारात दोन कोस नालासोपारा स्टेशन. पाच-सहा जणींचा मेळ असे, त्यात वाडवळ घरांतल्या, कुपारी घरांतल्या, भंडारी घरांतल्या अशा सगळ्या. विरारहून मुंबईला पहिली गाडी १२ एप्रिल १८६७ या दिवशी सुटली. ती बॅकबेपर्यंत जायची, दिवसातून एकच. आमच्या बायकांच्या काळात लोकल पुष्कळ झाल्या होत्या, पण पहिल्या गाड्यांतला सामानाचा डबा म्हणजे वसईच्या वाडीचीच माणसं. आई फुलं घेऊन दादरला उतरायची. मोठी काकी भाजी घेऊन विलेपार्ल्याला. तिथे चाळींचे जिने, बंगल्यांची फाटकं, ‘वसईवाली आली’ म्हणून खिडकीतून हाक. काकीचं गिऱ्हाईक तिसऱ्या मजल्यावरचं असलं तरी टोपली तिसऱ्या मजल्यावर जायची, कारण गिऱ्हाईक भाजी बघून, निवडून घेणार.

ती कित्येक वर्षं अनवाणी चालायची. चपला घेणं परवडत नव्हतं असं नाही. ती म्हणायची, डोक्यावर ओझं असलं की पावसाळ्यात चप्पल दगा देते, तळवा जमिनीला लागलेला बरा. मुंबईत मात्र उन्हाळ्यात डांबर तापायचं. मग टायरच्या चपला आल्या, मग रबरी स्लिपर. टोपलीत भाजीच्या खाली गुंडाळलेली स्लिपर आम्ही पुष्कळदा पाहिली आहे. स्टेशन आलं की घालायची, गावाकडे उतरली की काढायची.

दुपारी कधीतरी या दोघी परतायच्या. पडवीत टोपली उतरवली की आजीचा पहिला शब्द ‘पाय धू’ असा नसे, ‘बस’ असा असे. त्या बसायच्या आणि पाणी त्यांच्यापाशी यायचं. आजीचा हा कायदा आम्हाला तेव्हा नैसर्गिक वाटायचा. दुसऱ्या घरांत राहून आल्यावर कळलं की तो तसा नव्हता. इतर घरांत आधी आजोबा, मग काका, मग मुलगे, आणि उरलेल्या निवल्या पाण्यात बायका. आमच्याकडे ज्याने ओझं वाहून आणलं त्याचे पाय आधी. आजीने स्वतः तरुणपणी टोपली वाहिली होती, तिच्या मानेवर चुंबळीचा घट्टा होता. घरच्या सुनेपुढे पाणी ठेवताना तिला कमीपणा वाटला नाही, आणि आजोबा चिखलाच्या पायांनी ओटीच्या पायरीवर थांबून राहिले तरी त्यांनी तोंड वाकडं केल्याचं कोणाला आठवत नाही. ‘होऊ दे तिचं,’ एवढंच ते म्हणायचे.

पाणी ठेवायला तांब्याचं घंगाळ. त्याच्या कडेला एका जागी पोचा पडला होता, तिथे टाच बरोबर टेकायची. चुलीवरच्या हंड्यात कुंपणाच्या निर्गुडीचा पाला घालून उकळायचा. त्याचा कडवट, औषधी वास अजून कुठे आला की आम्ही सगळे थांबतो. त्यात मूठभर खडे मीठ, आजीच्या भावाच्या मिठागरावरचं. पाणी हाताला सोसवेल एवढं गरम. पाय आत गेला की पहिल्या क्षणी काकीचे खांदे वर जायचे आणि मग हळूहळू खाली यायचे. तेवढ्यात पाठीमागून कोणीतरी तिच्या डोक्यावरची चुंबळ काढून खुंटीला लावायचं. आम्हा मुलांत या कामासाठी भांडण व्हायचं, कारण चुंबळीत कधीकधी रावळगावची गोळी खोचलेली असे.

पाय भिजले की वज्री. आमची वज्री पितळेची, वर पकडायला पोपट, खाली आडव्या-उभ्या खाचांचा तळ. पोट पोकळ आणि आत बारीक गोळ्या असल्यामुळे घासताना छुमछुम वाजायची. ती आजीच्या आईकडून आलेली. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात मी अशा वज्र्यांची रांग पाहिली: मोर, हत्ती, बाहुल्या, एकीसारखी दुसरी नाही. दिनकर केळकरांनी घराघरांतून गोळा केलेल्या वस्तूंत टाच घासायच्या साधनाला एवढी जागा मिळाली, याचं मला फार बरं वाटलं. ज्या कारागिराने टाच घासायच्या वस्तूत घुंगरं भरली, त्याला दमल्या माणसाची जाण होती. वज्री मिळाली नाही तर नारळाच्या सोडणाचा काथ्या किंवा विहिरीजवळचा भोकाभोकांचा काळा दगड. पण त्यांना आवाज नव्हता, आणि काकीला आवाजाशिवाय चैन पडत नसे.

काशाची वाटी रात्रीची. जेवणं झाली, भांडी पालथी पडली, कंदिलाची वात खाली केली की आजी फडताळातून वाटी काढायची. हे काम मुलांचं. मांडीवर जुनं फडकं, फडक्यावर मोठ्या माणसाचा पाय, तळव्याला बोटाच्या टोकाएवढं तूप. तूप कमी असलं तर खोबरेल. वाटी पालथी धरून टाचेपासून सुरुवात करायची. आधी टाचेभोवती गोल गोल, मग तळव्याच्या खोलगट भागात लांब फेरे, मग चवड्यावर आठाच्या आकड्यासारखं, आणि बोटांच्या मुळांशी पुन्हा बारीक गोल. जोर मनगटाचा नाही, खांद्याचा लावायचा. मनगटाने घासणारं पोर दहा मिनिटांत थकतं. सुरुवातीला वाटी तुपावरून निसटते. थोड्या वेळाने तूप मुरतं, वाटी तळव्याला धरायला लागते आणि आवाज बदलतो, सुळसुळ थांबून खसखस सुरू होते. मग तळवा आणि वाटी दोन्ही काळे पडू लागतात. आजी अंधारातही नुसत्या आवाजावरून सांगायची, ‘आता टाच सोड, मधे ये.’ काळं फडक्याने पुसायचं आणि दुसरा पाय घ्यायचा. दुसऱ्या पायापर्यंत माणूस बहुधा झोपलेलं असे. आजोबा झोपले की घोरायचे, काका झोपले की पाय जड व्हायचा. काकी मात्र झोपायची नाही, ती बोलायची. पार्ल्यातल्या कोणत्या बाईला मुलगा झाला, कोणाच्या घरी कोण वारलं, गाडीत कोणाच्या टोपलीवरून भांडण झालं. तिच्या उजव्या चवड्यावर एक कुरूप होतं, तिथे वाटी आली की ती वाक्याच्या मधेच थांबायची, आणि वाटी पुढे गेली की वाक्य पुरं करायची. घरातलं आम्हाला जे काही ठाऊक आहे, त्यातलं निम्मं तिच्या तळव्यापाशी ऐकलेलं आहे.

तूप काळं होतं ती अंगातली उष्णता बाहेर पडते, असं आजी म्हणायची आणि आजही पुष्कळ जण म्हणतात. कासं म्हणजे तांबं आणि कथील यांचा मिश्रधातू, तांबं चारांतल्या तीन हिश्शांहून थोडं जास्त. तुपातली आम्लं आणि घाम यांचा तांब्याशी संबंध येतो, धातूचे सूक्ष्म कण घासून निघतात, आणि त्याने रंग काळा होतो. पाय कितीही थंड असला तरी तूप काळं होणारच. हे कळल्यावर वाटीची किंमत माझ्या मनात जराही उतरली नाही. झोप खरी होती, ठणका थांबायचा तो खरा होता. चरकसंहितेच्या दिनचर्येत पायांना तेल चोळण्याचे गुण सांगितले आहेत: खरखरीतपणा, ताठरपणा, रूक्षपणा, थकवा आणि बधिरपणा जातो. वाग्भटाने तर रोजच्या अभ्यंगात डोकं, कान आणि पाय हे तीन विशेष सांभाळायला सांगितले. सुश्रुताने भेगांच्या रोगाला पाददारी म्हटलं आणि तो फार चालणाऱ्यांना होतो असं नोंदवलं. ते वाचताना माझ्या डोळ्यांसमोर मोठी काकीच आली. हजारो वर्षांपूर्वीच्या वैद्याने टोपली घेऊन चालणारी बाई पाहिली असणार, याबद्दल मला शंका वाटत नाही.

पावसाळा आला की वाटी मागे पडायची आणि चिखल्यांचा उपचार पुढे यायचा. आजोबांच्या बोटांच्या बेचक्यांत कातडी पांढरी, ओली, सोललेली. मेंदीचा पाला वाटून लावायचा किंवा हळद खोबरेलात कालवून. पण आजीचा खरा उपचार फडक्याचा. एकेका बेचकीत कोरडं फडकं फिरवायचं आणि चुलीपासून हातभर लांब पाय पसरून बसवायचं. आजचे त्वचेचे डॉक्टरही तेच आधी सांगतात: बेचक्या कोरड्या ठेवा, मलम नंतर.

थंडीत भेगा. त्यांना कोकणातून येणारं कोकमतेल, म्हणजे भिरंडाच्या बियांतून काढलेलं, मेणासारखे गोळे वळलेलं. गोळा पळीत वितळवायचा आणि भेगेत थेंब सोडायचा. तो थेंब पडताना घरातलं सर्वांत धीट माणूसही ‘आई गं’ म्हणायचं. आमच्या शेजारच्या ख्रिस्ती घरात कोकमतेलाऐवजी मेणबत्त्यांची उरलेली टोकं खोबरेलात वितळवून मलम करत. नारळाच्या करवंटीत भरून ते आमच्याकडे यायचं, आमच्याकडून निर्गुडीचा पाला तिकडे जायचा. जळवात दोन्ही घरांतला सारखाच.

याच शेजारघरामुळे आम्ही पवित्र गुरुवार पाहिला. ईस्टरच्या आधीचा गुरुवार. येशूने शेवटच्या भोजनाच्या वेळी शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून धर्मगुरू बारा जणांचे पाय धुतात. निर्मळच्या होली क्रॉस चर्चमध्ये शेजारच्या मावशीने आम्हाला बाजूच्या दाराशी उभं केलं होतं. पुढे बाकावर बारा पुरुष, उजवा पाय मोकळा करून बसलेले. झगा सावरून गुडघे टेकलेले फादर. एका हाताने पाणी ओतून, टॉवेलने पुसून, वाकून पायाचं चुंबन. त्या बारांत आमच्या पानवेलीवर मजुरीला येणारा एक म्हातारा होता. त्याच्या पायाची बोटं कामाने फाकलेली आणि नखं काळी. त्या दिवशी त्याने ती घासून घासून लाल केली होती. फादरांनी पाय हातात घेतल्यावर तो खाली बघेना, छताकडे बघत राहिला. रात्री आम्ही हे आजीला सांगितलं. तिने विचारलं, ‘बायका नव्हत्या का त्यात?’ नव्हत्या. तेव्हा रीत पुरुषांचीच होती. जानेवारी २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी नियम बदलला आणि बायकांचे पायही या विधीत धुता येऊ लागले. आजी तोवर राहिली नव्हती, पण शेजारच्या मावशींनी ते आवर्जून आमच्या घरी येऊन सांगितलं, आजीच्या प्रश्नाचं उत्तर देणं राहिलं होतं म्हणून.

वर्षातून एकदा सगळ्या घराचे पाय वज्रेश्वरीला जायचे. कार्तिक वद्य एकादशीची निर्मळची यात्रा उरकली, पाहुणे गेले, सुकेळ्यांची शेवटची पुडकी संपली की आजीला अकलोलीच्या कुंडांची ओढ लागायची. एसटीने जायचं. आधी देवीला, बावन्न पायऱ्या चढून. १७३९ मध्ये वसईचा किल्ला सर करताना चिमाजी अप्पांनी बोललेल्या नवसातून हे देऊळ उभं राहिलं, हे आम्हाला शाळेच्या आधी आजीकडून कळलं. देवीचं दर्शन झालं की तानसेच्या काठाने अकलोली. रामेश्वराच्या देवळापाशी दगडी बांधणीची कुंडं, त्यांतून वाफ, आणि गंधकाचा वास. एक कुंड कोमट, एक कढत, एक असं की पाय घातला की झटक्यात बाहेर.

शहाण्या बायका थेट कढत कुंडाकडे जात नसत. आधी कोमट कुंडाच्या पायरीवर बसायचं, घोटे बुडवायचे, मग पोटऱ्या, मग जरा तापलेल्या कुंडाकडे सरकायचं. मधूनच उठून नदीच्या थंड पाण्यात पाय घालून यायचं आणि परत गरम पाण्यात. आज त्याला फार नावं आहेत आणि त्याचे पैसे पडतात. आई, काकी, आत्या, शेजारची मावशी, सगळ्या एका पायरीवर, लुगडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, कोणाला घाई नाही. वर्षातला तो एकच दिवस असा, की त्यांना कोणी काही मागत नसे. आम्हाला भूक लागली तर पुरुषमाणसं आम्हाला भजी घेऊन द्यायची. भाऊकाका टॉवेल धरून उभे असत. रेल्वेतला कडक माणूस, घरी कधी हसला नाही, पण तिथे त्याने आपल्या बायकोचे पाय पुसलेले आमच्यातल्या तिघांनी पाहिले आहेत. यावर तिघांचंही एकमत पडलं म्हणून लिहिते. एकटीने सांगितलं असतं तर कोणी मानलं नसतं.

या पाण्याखाली ज्वालामुखी आहे असं आम्हाला वाटायचं. तसं नाही. पावसाचं पाणी काळ्या खडकातल्या भेगांमधून खूप खोल जातं, तिथल्या उष्णतेने तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. पालघरकडच्या सातिवली, कोकणेरपासून गणेशपुरी, अकलोली, खाली राजापूरच्या उन्हाळ्यापर्यंत किनाऱ्याला धरून अशा झऱ्यांची ओळच आहे.

आमच्यातल्या धाकट्याला आठवतं ते बावखलच. काठावर बसून पाण्यात पाय सोडायचे, हलायचं नाही, की बारके मासे येऊन तळव्याला टोचे मारायचे. तेच त्याने पुढे मुंबईतल्या एका मॉलमध्ये काचेच्या टाकीत पाहिलं, तुर्कस्तानाकडचे गारा रूफा मासे आणि तिकीट. अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी हा प्रकार बंद केला, कारण एका माणसानंतर दुसऱ्यासाठी मासे निर्जंतुक करता येत नाहीत. आमचं बावखल मात्र बुजलं. त्याच्यावर आता इमारत आहे, आणि पावसाळ्यात तिच्या तळमजल्यात पाणी शिरतं. पाण्याला आपली जागा ठाऊक असते.

आमच्या पिढीने टोपली वाहिली नाही. आम्ही विरार लोकलमध्ये उभे राहिलो. विरार ते चर्चगेट साठ किलोमीटर, आणि धीम्या गाडीने त्यातलं पुष्कळसं अंतर एका पायावर, कारण दुसरा टेकायला जागा नसायची. चालण्याने टाचा फुटतात तशा उभं राहण्याने पोटऱ्या भरतात, संध्याकाळी घोटे सुजतात. घरी आलो की पाय भिंतीला वर लावून पडायचो. घंगाळ माळ्यावर गेलं होतं. आईने विचारलं की आम्ही ‘राहू दे’ म्हणायचो. तिने किती वेळा विचारलं असेल.

भाऊकाकांना उतारवयात साखर झाली. पायाला मुंग्या यायच्या म्हणून त्यांनी जुन्या सवयीने एकदा बादलीत पाय बुडवले आणि पाणी किती कढत आहे ते त्यांना कळलंच नाही. संध्याकाळी फोड. डॉक्टरांनी तेव्हा जे सांगितलं ते आम्ही सगळ्यांनी पाठ केलं आहे, आणि ज्यांच्या घरी मधुमेह आहे त्यांनीही करावं. पायाची जाणीव कमी झाली असेल तर गरम पाण्याचा शेक नाही. पाणी कोपराने किंवा दुसऱ्याच्या हाताने तपासायचं. तळवे रोज उजेडात पाहायचे, स्वतःला दिसत नसतील तर आरसा धरायचा. बोटांच्या मधली जागा कोरडी. कुरपाला ब्लेड लावायचं नाही. अनवाणी चालायचं नाही, घरातही. काका बरे झाले. त्यानंतर त्यांचे तळवे रोज रात्री बघायचं काम काकीने घेतलं, चष्मा लावून, टॉर्च घेऊन.

मोठी काकी आता पंच्याऐंशीच्या पुढे आहे. माझ्या चुलतभावाची सून पार्लरमध्ये काम करते, विरारला. चांगलं शिकून केलंय तिने. तिने एकदा काकीला पेडिक्युअर करायचं ठरवलं आणि आपला डबा-डूब घेऊन घरी आली: टब, शाम्पू, मिठाचा खरखरीत लेप, टाच घासायची कानस, क्रीम. काकी टबात पाय घालायला तयार होईना. ‘पोरी, तू माझ्या पायाशी बसू नकोस, तू दिवसभर तेच करतेस,’ असं म्हणाली. आम्ही सगळ्या गप्प झालो, कारण ते आमच्यापैकी कोणाच्याही मनात आलं नव्हतं. ती पोरगी सकाळी दहा ते रात्री आठ बुटक्या स्टुलावर वाकून परक्या बायकांचे पाय मांडीवर घेते. तिची बोटं पाण्याने सुरकुतलेली असतात, कंबर धरलेली असते, आणि घरी आल्यावर ती ओट्याशी उभी राहते. तिच्या गिऱ्हाइकांतल्या पुष्कळ जणी लोकलने उभ्याने येणाऱ्या नोकरदार बायका आहेत. महिन्यातून एकदा तासभर कोणीतरी आपले पाय हातात घ्यावेत असं त्यांना वाटतं, त्यासाठी त्या पैसे साठवतात. मला त्यात चैन दिसत नाही. आजी असती तर तिनेही हेच म्हटलं असतं, फक्त तिने आधी त्या पार्लरवालीला बसवलं असतं.

तेव्हा पाय भिजवायचा क्रम काकीने बदलला. आधी सून, मग ती. घंगाळ माळ्यावरून उतरवलं, चिंच लावून घासलं. पोचा अजून आहे. निर्गुडी कुंपणात राहिली नव्हती, कारण कुंपणच नाही. भुईगावच्या एका ओळखीच्या वाडीतून फांदी आणून कुंडीत लावली आहे, आणि ती जोरात फुटली आहे. वज्री धाकट्या आत्याकडे सापडली, पोपटाची चोच मोडलेली. वाटीचं मात्र अजून ठरलेलं नाही: खरी आजीची वाटी माझ्याकडे आहे असं मी म्हणते, चुलतबहीण म्हणते तिच्याकडे. दोन्ही वाट्या दिवाळीत शेजारी ठेवून पाहिल्या. दोन्हींचे तळ सारखेच झिजले आहेत.

आता अकलोलीला जायचं ठरलं आहे. रविवारी गर्दी असते म्हणून मधल्या वारी, सुनेच्या सुट्टीच्या दिवशी. काकीसाठी बसक्या उंचीची खुर्ची न्यायची, कारण कुंडाची पायरी तिला उतरवणार नाही. पाणी बादलीने वर काढून तिच्यापाशी आणायचं, आणि ते कोपराने तपासायचं काम धाकट्याचं. टॉवेल पुरुषांनी धरायचे. भाऊकाकांचा मुलगा म्हणाला, भजी मी घेतो. त्याला सांगितलं आहे की आधी सुनेला विचार, तिला कांद्याची आवडतात की बटाट्याची.